सोळाचे दहा

बाल्कनीच्या नक्षीदार कठड्यातून खाली पडून पोर गेलं, आणि आर्किटेक्ट साहेबांना पोराआधी फाइल आठवली.

"ताई, तुमच्या कॉम्प्युटरवरच्या मॉडेलमध्ये दोन गजांमधलं अंतर किती?"

"सोळा सेंटिमीटर. मी दहा म्हणत होते, पण तुमची वेलबुट्टी गुदमरत होती ना!"

"आता दहा करा, तारीख जुनीच ठेवा. लोहारानं चुकवलं म्हणू. त्याच्याकडचा नकाशा सकाळीच मागवून घेतलाय."

ताईंना मुलं दोन, नोकरी एकच. त्यांनी आकडा बदलला. स्क्रीनवरचे गज निमूट जवळ सरकले, उरलेल्या जागी नवे उगवले.

संध्याकाळी लोहाराचा फोन आला. "ताई, सोळाच होतं ना हो? आता माझा माझ्यावरच भरवसा राहिला नाही."

"दहा होतं, दादा," ताई म्हणाल्या.