सोनिकाच्या मुलांच्या टोपल्या

"आत्याआजी, मम्मी नाही आली तर उद्या ईस्टर कॅन्सल होणार का?"

उन्नतीने हे शनिवारी सकाळी विचारलं. शरयू पोळ्या लाटत होती. "असा कसा कॅन्सल होईल?" ती म्हणाली, पण मागे वळून बघायचा धीर तिला झाला नाही.

मम्मी म्हणजे सोनिका, शरयूच्या भावाची मुलगी. तिने मोहितशी चर्चमध्ये लग्न केलं आणि भावाने तिचं नाव टाकलं. शरयूने टाकलं नाही. यंदा काविळीचं निमित्त झालं आणि सोनिकाचं यकृतच निकामी झालं. मोहितची शाळेच्या मुलांची व्हॅन होती, ती उपचारांसाठी विकून झाली. आता तो हॉस्पिटलच्या बाकावर बसून असायचा आणि मुलं हरिशंकरपुरम वस्तीत, शरयूच्या दोन खोल्यांत. साड्यांना फॉल-पिको करून ती एकटीचं कसंबसं भागवायची. तिघांचं भागत नव्हतं.

"काय असतं रे ईस्टरच्या टोपलीत?" तिने अंशुलला विचारलं.

नऊ वर्षांचा अंशुल भिंतीकडे तोंड करून पडला होता. "मुझे कुछ नहीं चाहिए."

"उन्नतीसाठी तरी सांग."

"अंडी असतात, रंगवलेली. खाऊ असतो. और मम्मी काहीतरी सांगते."

"काय सांगते?"

त्याने चादर तोंडावर ओढली.

दुपारी शरयू बाड्यावरच्या बाजारात गेली. एका बेकरीच्या काचेआड चकचकीत कागदात बांधलेल्या टोपल्या होत्या. किंमत विचारून ती तशीच बाहेर आली. मग भर उन्हात खासगी बाजार मोहल्ल्यातल्या भावाच्या घरी गेली. मुकुंद पेपर वाचत होता.

"मुकुंद, पोरगी जाईल रे. एकदा बघून ये. नाहीतर निदान तिच्या मुलांसाठी काही दे."

"माझी मुलगी केव्हाच गेली," तो म्हणाला आणि पान उलटलं.

शरयूने पाणीसुद्धा घेतलं नाही. रस्त्यात तिला रडू फुटलं. तोंडाला पदर लावून ती चालत राहिली.

संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये भेटायच्या वेळेला मोहितने स्वतः आत न जाता तिला पाठवलं. सोनिकाचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. शरयू तिच्या कानाशी वाकली.

"सोनू, मुलांना टोपल्या द्यायच्यात. तू काय सांगतेस गं त्यांना?"

सोनिकाला वेळ लागला. मास्कमधून एकेक शब्द येत होता. "वर्षभरात... मी त्यांचं काय बघितलं... एक चांगली गोष्ट. दोघांना एकेक."

"या वर्षीची सांग. मी पोचवते."

"उन्नती... शाळेत पडली. रडली नाही. दुसऱ्या मुलीला उठवलं." ती थांबली. डोळ्यांच्या कडांतून पाणी वाहिलं. "अंशुल म्हणायचा, मम्मी, मी जेवलो. त्याची पोळी उन्नतीच्या ताटात असायची. त्याला सांग... मला दिसायचं."

नर्सने वेळ संपल्याचं सांगितलं.

शरयूने फुलवाल्याकडून दोन रिकाम्या दुरड्या मागून आणल्या. बेकरीतल्या टोपल्यांत गवत होतं, त्याच्या जागी फॉलच्या हिरव्या कातरणी पसरल्या. घरात शंकरपाळे तळले. राहिली अंडी. जन्मात तिने अंडं हातात धरलं नव्हतं. कांद्याच्या सालींत दोन उकळली, बिटाच्या पाण्यात दोन. एक फुटलं, तेव्हा ती खालीच बसली आणि बराच वेळ उठली नाही.

रविवारी सकाळी उन्नतीने टोपलीला मिठी मारली. आईचा निरोप ऐकून म्हणाली, "त्या मुलीचं नाव उमा आहे." अंशुलने आपली टोपली पायाने लांब ढकलली. शंकरपाळे फरशीभर सांडले.

"ये मम्मीवाली नहीं है! तुम्ही बनवली!"

"हो, मीच बनवली. पण निरोप तिचा आहे."

"झूठ!"

"तू जेवलो म्हणायचास आणि तुझी पोळी उन्नतीला द्यायचास. ती म्हणाली, मला दिसायचं."

ही गोष्ट अंशुलने कुणालाच सांगितली नव्हती. "दिसायचं? मग ती रागावली का नाही?" त्याने विचारलं आणि असा रडायला लागला की शरयूला त्याला धरून ठेवणं जड गेलं. मग त्याने खाली बसून एकेक शंकरपाळा उचलला.

"तिला सांग, मला भूक नसायची," तो म्हणाला. "खरंच नसायची."

शरयू तो निरोप घेऊन लगेच निघाली. पण सोनिकाला तोवर व्हेंटिलेटर लावला होता. तरी तिने तो कानात सांगितला. ऐकू गेला की नाही, ते कुणालाच कळलं नाही.

सोनिका त्याच आठवड्यात गेली. दफनाच्या दुसऱ्या दिवशी मोहित मुलांना न्यायला आला. भाडं थकलं म्हणून त्याची खोली सुटली होती. कुठे नेणार, हे त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं. तो दारातच उभा राहिला, चप्पल न काढता.

"आत्या, यांचे कपडे द्या."

"कपडे धुतलेत, वाळायचेत," शरयू म्हणाली. "आत ये आधी. दोन दिवस तू काही खाल्लेलं दिसत नाही."

तिने शिलाई मशीन भिंतीला सरकवलं आणि चौघांची पानं मांडली. जागा पुरत नव्हती. उन्नती बापाच्या मांडीवर बसली.