राखेने घासलेले कडे

मित्रांनो, मी चांदीचे एक जुने कडे आहे. दूरच्या मांगिस्ताउ मुलखातल्या माळावर येस्बेर्गेन सोनाराने मला आणि माझ्या जोडीदाराला एकाच चांदीतून घडवले. पाठीवर मेंढ्याची वळलेली शिंगे कोरली, कडेने मोहरीएवढे चांदीचे दाणे एकेक करून बसवले. आम्हाला नवरीच्या आईच्या हाती देताना तो म्हणाला, "मावशी, पोरीला सांगा, कडं काळं पडलं तर आधी स्वतःची तब्येत बघ म्हणावं. घासायचं ते नंतर."

नवरी तोर्गिन आम्हाला दोन्ही मनगटांत घालून सासरी आली. हातात चांदी नसलेल्या सुनेच्या हातचे अन्न तिथे कोणी निर्मळ मानत नसे. सासू बिकेन पहिल्याच दिवशी म्हणाली, "सूनबाई, कडी लखलखीत ठेव हो. काळी चांदी म्हणजे आळशी बाई."

चार वर्षे सुखाची गेली. चहाला आलेल्या बायका माझी शिंगे निरखत आणि मी फुशारून जाई. मग तोर्गिनला खोकला लागला. थोड्याच दिवसांत शिंगांच्या खोबणीत काळे उतरले आणि मी घाबरले. तीही समजून चुकली. पण आजार घरात कळला असता तर तिची तान्ही लेक बातिमा तिच्याजवळून काढून घेतली असती. म्हणून ती रोज पहाटे चुलीतली राख घेऊन मला घासू लागली. काळे जाई, त्याबरोबर माझे दाणेही झडत.

"आमच्या सुनेची चांदी बघा, दुधासारखी," बिकेन पाहुण्यांना सांगे. ते कौतुक मला नकोसे होई.

हिवाळा संपायच्या आत तोर्गिन गेली. माझा जोडीदार रीतीप्रमाणे तिला शेवटची अंघोळ घालणाऱ्या बाईला मिळाला. मी बातिमासाठी पेटीत पडून राहिले.

सात वर्षांनी बिकेनने मला सूत गुंडाळून नातीच्या बारीक मनगटावर बसवले. परवापासून माझ्या खोबणीत पुन्हा काळे उतरू लागले आहे. बातिमा खोकते, पण बिकेनला हल्ली कमी ऐकू येते.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखे कोणी काळवंडले, तर घासण्याआधी ते का काळवंडले एवढे विचारा. मला विचारता येत नाही.

आत्ता बिकेन चुलीपाशी बसली आहे. "आण गं तो हात इकडे," ती मायेने म्हणते. "तुझ्या आईनं कधी काळं राहू दिलं नाही हो."

बातिमाने हात पुढे केला आहे. आजीच्या मुठीत राख आहे.