फुटाण्याच्या वाळूतले शिंपले

म्हादूच्या दारातली दगडी डोणी म्हशीच्या पाण्याची होती. पण आश्विनापासून म्हैस तिच्यात तोंड घालत नव्हती, कारण त्याच्या बायकोनं, बनाबाईनं, तीत मासे सोडले होते. पौषात बनाबाई तापानं गेली. तरी म्हादूनं डोणी उपसली नाही. रोज सकाळी आडाची एक घागर तो तीत ओतायचा. का ओततोस, असं कुणी विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं. ती ओतायची, एवढंच.

भाटघरचं धरण होऊन दहा-बारा वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. गाव मार्गासनीच्या वरच्या अंगाला, गुंजवणीच्या काठावर. गावाखाली जननीदेवीचा डोह. डोहातला मासा देवीचा, त्याला कुणी गळ लावत नसे. शिंपल्याला मात्र मुभा होती. पाणी उतरलं की बनाबाई कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून पायानं वाळू चाचपायची आणि पाटीभर शिंपले घेऊन यायची. घरात कालवण व्हायचं. पण एक तिचा नेम होता. शिंपला उघडला आणि आतले कल्ले फुगलेले दिसले, की त्या दिवशी त्या जागेवरचा दुसरा शिंपला ती काढत नसे. पाटीतले होते तेही परत नेऊन ठेवायची.

"लेकुरवाळे हायती," म्हणायची. "ह्यांची पोरं माशाच्या अंगाखांद्यावर वाढत्यात."

म्हादू हसायचा. "मग माशानं झोळी बांधाया लुगडं कुठनं आणलं?"

एकदा ती फारच चिडली. परातीत पाणी घेऊन तिनं फटीतून फुगलेले कल्ले दिसणारा एक जिता शिंपला ठेवला आणि खालच्या ओढ्यातले चार बारके मासे त्याच पाण्यात रातभर राहू दिले. सकाळी शिंपला डोहात परत गेला आणि मासे डोणीत आले. डोणीच्या तळाला तिनं शेजारच्या सगुणाबाईकडची फुटाणे भाजायची वाळू ओतली, चुलीवर शंभरदा तापून काळी झालेली. म्हादू ओरडला, "अगं, फुटाण्याची वाळू नासवलीस की!"

"थांबा, दावते तुमास्नी," ती म्हणाली. आणि दाखवण्याआधीच वारली.

फाल्गुनात भोरहून सावळाराम आला. पुण्याकडं शिंपल्यांची बटणं करणारे कुणी होते, त्यांना तो माल पुरवायचा. त्यानं आनंदराव पाटलांना शब्द दिला की देवीच्या देवळावर नवे पत्रे घालून देतो, डोहातले शिंपले तेवढे मला द्या. पाटलांनी गुरवाला विचारलं. म्हातारा गेनबा गुरव म्हणाला, "मासा देवीचा, शिंपला गाळाचा. गाळातच उपजतो. न्हेऊ द्या." झालं. सोमवारपासून डोह साफ करायचा ठरला.

सोमवारी म्हादू डोहावर गेला तेव्हा चार गडी पाण्यात उतरलेले होते आणि काठावर शिंपल्यांचा ढीग पडला होता. मोठे, लहान, सगळेच. तो जाऊन पाटीवाल्याच्या वाटेत उभा राहिला.

"सर की बाजूला, म्हादबा," सावळाराम म्हणाला.

"न्हाई सरत."

"का बरं? तुझं काय जातंय ह्यात?"

"डोह जातुया. दोन वर्सांत हितं एक शिंपला घावायचा न्हाई."

"त्यात काय! गाळ हाय तवर शिंपलं उपजत्यात. हे बघ, दगडावानी घट मिटलंय. ह्याला कुठला जीव?"

म्हादूनं ढिगातला एक शिंपला उचलला. "दगुड मिटून धरत न्हाई. मागली बिजागरी ह्याला उघडाया बघती. जीव हाय तवर दोन्ही टोकांच्या दोन गाठींनी हे आतनं वढून धरतं. मेलं की सुटतं. त्यो बघ उनातला, वासून पडलाय. त्यो मेला. हे जितं हाय."

"बाईमाणसाची विद्या शिकलास व्हय रं?" एक गडी म्हणाला आणि बाकीचे हसले.

"व्हय. तवा शिकलो न्हाई, आता शिकतुया."

एवढ्यात पाटील आणि गुरव देवळाकडून खाली आले. म्हादूनं कमरेची सुरी काढली. ती बनाबाईची. तिनं हजारदा केलेलं काम त्यानं कधी केलं नव्हतं. फटीतून सुरी सारताना पहिल्यांदा अंगठाच कापला. मग पुढची गाठ तुटली, मागली तुटली, आणि शिंपला आपसूक उघडला. आत जिभेसारखा पाय, दोन्ही बाजूंना पानासारखे पातळ कल्ले, दोन आतले आणि दोन बाहेरचे. बाहेरचे दोन पोळीसारखे फुगले होते. त्यानं एक फाडून पाटलांच्या हातातल्या पाण्याच्या तांब्यात बुडवला. पाण्यात बारीक भुकटी सुटली.

"ही पोरं," म्हादू म्हणाला. "गाळात न्हाई, आईच्या कल्ल्यात हुत्यात. हितनं सुटली की माशाला चिकटत्यात. माशावर वाढून मग खाली उतरत्यात. मासा देवीचा आन् माशाच्या अंगावरची पोरं सावळारामची व्हय?"

गेनबा गुरव तांब्यात डोकावला. "भुकटी हाय ही. पोरं कशावरनं? म्हादू, बायकू गेल्यापासनं तुझं डोस्कं ठिकाणावर न्हाई. देवीला कौल लावू, ती काय म्हणंल ते खरं."

"कौल लावा, तात्या. पर आदी माझ्या दारातल्या डोणीत बघा. बनाबाईनं त्यात नुस्तं मासं सोडल्यात. शिंपला न्हाई, नदीची वाळू न्हाई, नदीचं पानीबी न्हाई. आडाचं पानी आन् फुटाण्याची वाळू. तिचं म्हननं खरं आसंल तर तळाला शिंपलं घावतील."

"आन् न्हाई घावलं तर?" सावळारामनं विचारलं.

"तर म्या सोता तुझी पाटी उचलतो."

तो बोलून गेला खरा. डोणीत त्यानं स्वतः एकदाही हात घातला नव्हता. पाणी ओतलं होतं, बघितलं नव्हतं. काही नसलं तर गाव तिला हसणार होतं, मेल्यावरसुद्धा. पण शब्द गेला होता. तो पुढं चालू लागला आणि सगळे त्याच्यामागं.

शेजारच्या दारात सगुणाबाई धान्य पाखडत होती. ती पिठाची चाळण घेऊन आली. दोन मासे अजून जिवंत होते, ते घागरीत काढले. म्हादूनं तळाची पहिली ओंजळ चाळणीत टाकून पाण्यात हलवली. काळी वाळू गळून गेली. वर काडीकचरा उरला.

"काय न्हाई," सावळाराम म्हणाला.

दुसरी ओंजळ. तीतही काही नाही. तिसऱ्या ओंजळीला म्हादूनं हात तळाशी खोल घातला. कापलेल्या अंगठ्याचं रक्त वाळूत उतरलं.

"भावजी, दम धरा," सगुणाबाई खाली वाकली. "हे काय चमाकतंय?"

तिनं नखानं उचलून पाटलांच्या तळहातावर ठेवलं. तिळापेक्षा थोरलं, मसुरापेक्षा धाकटं. दोन शिंपा, मधे बिजागरी. मग आणखी एक, मग तीन. सगुणाबाई मोजत बसली नाही, वेचत राहिली. पाटलांनी तळहातावर पाण्याचा थेंब टाकला. जरा वेळानं एका बारक्या शिंपल्यानं फट केली आणि पांढरी, केसाएवढी जीभ बाहेर काढली.

"वाळूतनंच आलं आसंल," सावळाराम म्हणाला.

सगुणाबाई फणकारली. "माज्या चुलीवर भाजलेली वाळू हाय ती! त्यात फुटाणं फुटत्यात, शिंपलं न्हाई."

सगळे हसले. गेनबा मात्र हसला नाही. त्यानं पाटलांच्या तळहातावर वाकून बघितलं. मग म्हणाला, "माशाच्या अंगाव वाढतं, तर शिंपलाबी देवीचाच. म्या चुकलो. पत्रं राहू दे, देऊळ गळू दे."

आनंदरावांनी सावळारामला माणसं काढायला सांगितलं. मग ते म्हादूकडं वळले. "पर ध्यानात ठेव, देवीचा म्हंजे समद्यांस्नी बंद. तुझ्या घरातबी कालवण न्हाई व्हनार."

बनाबाईच्या हातचं ते कालवण होतं. तसंही आता होणार नव्हतंच.

"बंद," म्हादू म्हणाला.

दुपारभर तो डोहात होता. ढिगातले मिटलेले शिंपले एकेक करून तो वाळूत परत रोवत होता, पायाची बाजू खाली, बनाबाई ठेवायची तसे. वासलेले काठावरच राहिले. ते बरेच होते. सावळारामचे गडी वरून बघत बसले होते. त्यातला एक, सकाळी हसलेला, पाण्यात उतरला.

दिवेलागणीच्या आधी म्हादू घरी आला. सगुणाबाईनं मासे आणि वेचलेले बारके शिंपले पुन्हा डोणीत सोडले होते.

"आता पटलं न्हवं समद्यांस्नी?" ती म्हणाली. "सोडा ह्ये डव्हात आन् डोणी म्हशीला मोकळी करा की, भावजी."

म्हादूनं आडावरून आणलेली घागर डोणीत रिती केली.

"म्हशीला बादली हाय, वैनी."