पापडची शेवटची सोय

पापड सकाळी गेला आणि चहा व्हायच्या आत त्याच्या सद्गतीची काळजी वाहणारी निम्मी सोसायटी व्हॉट्सॲप ग्रुपवर जमली. ह्याच मंडळींनी तो जिवंत असताना त्याला लिफ्टची बंदी केली होती. 'पाळीव प्राण्यांनी जिना वापरावा' ही पाटी अजून लिफ्टच्या दारावर होती. म्हातारपणी कुत्र्याच्या कमरेत जोर उरला नाही, तेव्हा त्याचा मालक हर्षल त्याला खांद्यावर घेऊन चार मजले चढायचा-उतरायचा, आणि लिफ्टमधली मंडळी त्याला 'व्यायाम होतो की' म्हणून शाबासकी द्यायची. आता त्याच मंडळींनी जोडलेल्या हातांची चित्रं पाठवली होती. एकाने विचारलं होतं, सुतक धरायचं का.

सगुणाबाईंनी मोबाइल पालथा ठेवला. पेठकडच्या डोंगरातल्या शाळांत त्यांनी उभी हयात मुलं शिकवण्यात घालवली होती आणि आता त्या गंगापूर रोडवर, भाच्याच्या म्हणजे हर्षलच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहत. हर्षल त्यांना आत्या म्हणे, म्हणून त्याची मुलगी वैष्णवीही आत्याच म्हणे. नातं चुकतं हे सगुणाबाईंनी तिला एकदा नीट समजावून सांगितलं होतं. तिने नीट ऐकून घेतलं आणि पुन्हा आत्याच म्हटलं.

पापड बाल्कनीत चादरीवर निजल्यासारखा पडला होता. भाजलेल्या पापडासारखे त्याचे कान अजून तसेच दुमडलेले होते. हर्षलची बायको निकिता हिची हॉस्पिटलात ड्युटी होती. ती त्याच्या डोक्यावरून हात फिरवून, डोळे पुसून निघून गेली होती. वैष्णवी त्याच्या पायाशी बसून होती.

"आत्या, त्याला कुठे टाकून तर देणार नाहीत ना?"

"नाही."

"तुला काय माहीत?"

"मी बघीन ना."

"बघीन म्हणजे लक्ष ठेवीन, की डोळ्यांनी बघीन?"

"डोळ्यांनी," सगुणाबाई म्हणाल्या. शब्द देऊन झाला. मुलांना दिलेला शब्द फिरवायची सवय त्यांना नव्हती.

तेवढ्यात हर्षल आतून आला. "झालं, बुकिंग केलं. आशाकाकूंनी सुचवलं. त्यांच्या टायगरचं तिथेच झालं मागच्या महिन्यात. मुक्तिपंख म्हणून आहे, प्राण्यांचं दहन करतात. फार डिग्निफाइड करतात म्हणे."

"कोण म्हणे?"

"सगळेच. पाच स्टार आहेत त्यांना."

"ते कोणी दिले? टायगरने?"

हर्षलने गाडीची किल्ली शोधायला घेतली. भावना नाजूक झाल्या की हा मुलगा वाद घालत नसे, पैसे भरून मोकळा होई.

मुक्तिपंख शहर संपून द्राक्षाच्या बागा लागतात तिथे होतं. पुढे काचेचं ऑफिस, मागे पत्र्याची शेड, शेडवर टोपी घातलेलं लांब धुराडं. मे महिन्याचं ऊन होतं, म्हणून हर्षलने गाडी कडुलिंबाखाली लावली आणि दारं उघडी ठेवली. मागच्या सीटवर चादरीत, बर्फाच्या पिशव्यांमध्ये पापड होता. वैष्णवी म्हणाली, "मी इथेच थांबते त्याच्यापाशी."

ऑफिसात एसी, प्लॅस्टिकची कमळं आणि विजेवर चालणारं कारंजं होतं. भिंतीवरच्या फळीवर लाल फडक्यांनी तोंडं बांधलेले तांबे ओळीने मांडले होते. पांढरा कुर्ता घातलेला अमित नावाचा मॅनेजर हात जोडून पुढे आला.

"तुमच्या बाळाचं नाव काय होतं?"

"आमचा कुत्रा गेलाय," सगुणाबाई म्हणाल्या.

"आम्ही तो शब्द वापरत नाही, मॅडम. इथे सगळी बाळंच."

"आमच्याला कुत्रा म्हटलेलं चालायचं. तो होताच तसा."

अमितने तेही दुःखाच्या खात्यात जमा केलं आणि आयपॅड उघडला. साधं, शांती आणि वैकुंठ असे तीन प्रकार होते. वैकुंठात पंजाचा ठसा, फुलांची चादर, मंत्र आणि गोदावरीत अस्थिविसर्जन.

"मंत्र म्हणायला कोण असतं?"

"ब्लूटूथ स्पीकर आहे, मॅडम. आवाज खूप क्लिअर आहे."

सगुणाबाई फळीकडे बघत होत्या. "हे तांबे सगळे भरलेले?"

"हो. घरचे लोक येऊन घेऊन जातात."

"त्यात मोठा कुत्राही असेल, एखादं मांजरही असेल. मग सगळे एकाच मापाचे कसे?"

"आम्ही भेदभाव करत नाही," अमित म्हणाला.

हर्षलने मान डोलावली. हा हर्षल साधा पंखा घ्यायचा तर चार दुकानं फिरे, भाजीवालीच्या टोपलीतलं वांगं उलटसुलट करून देठ तपासे. इथे मात्र तो कुठेही बोट लावायला तयार होता, फक्त लवकर आटपायला हवं होतं. आपल्या माणसांची ही एक मोठी गंमत आहे. जिथे डोळे उघडे ठेवायचे तिथे आपण ते मिटतो आणि त्याला हळवेपणा म्हणतो.

"भट्टी दाखवता?" सगुणाबाईंनी विचारलं.

"तिथे पाहुण्यांना नेत नाही, मॅडम. भावना दुखावतात."

"कोणाच्या?"

"तुमच्याच."

"आमच्या आम्ही सांभाळू."

"आणि आत्ता ती चालू आहे. आठशे डिग्री. सकाळपासून तीन बाळं झाली. जवळ जाता येत नाही."

"आत्या, जाऊ दे ना," हर्षल हळूच म्हणाला. "बघून काय करायचं? मला तर बघवणार नाही."

"तू नको बघूस. मी पोरीला शब्द दिलाय."

इतक्यात काचेचं दार ढकलून वैष्णवीच आत आली. ती काहीतरी सांगायला आली होती हे तिच्या नाकपुड्यांवरून कळत होतं.

"आत्या, ती भट्टी चालू नाहीये."

अमित हसला. "बाळा, लहान मुलांना तिथलं कळत नाही."

"थांबा हो," सगुणाबाई म्हणाल्या. मग वैष्णवीकडे वळून वर्गात बोलायच्या त्याच सुरात म्हणाल्या, "तुला काय वाटलं ते नंतर. आधी काय बघितलंस ते सांग."

"साळुंकी बघितली. चोचीत नाकतोडा होता. त्या धुराड्याच्या टोपीखाली शिरली. बाहेर आली तेव्हा चोच रिकामी."

"एकदाच?"

"सारखी येते-जाते. दोघी आहेत. त्या आत गेल्या की आतून चिवचिव येते, एकदम खूप. बाहेर आल्या की थांबते."

"मग आत काय असेल?"

"पिल्लं."

सगुणाबाई उठल्या. त्यांच्या गुडघ्यांनी नेहमीप्रमाणे तक्रार केली. "चला, अमितराव. भट्टी नका दाखवू. धुराडं तर बाहेरच आहे, ते बघायला कोणाची हरकत नसावी."

चौघं उन्हात उभी राहिली. एक साळुंकी तारेवर बसून ह्या मंडळींचा अंदाज घेत होती. माणसं हलत नाहीत असं पाहून ती चोचीतला किडा घेऊन टोपीखाली शिरली आणि धुराड्याच्या तोंडाशी एकच गलका झाला.

"आठशे डिग्री म्हणालात ना?" सगुणाबाईंनी विचारलं.

"ती साळुंकी नेहमीचीच आहे, मॅडम," अमित घाईने म्हणाला. "महिना झाला तिला. आम्ही निसर्गप्रेमी लोक. तिला हात नाही लावला."

बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं. हर्षलच्याही आलं. सगुणाबाई धुराड्याकडेच बघत राहिल्या. वर्गात पोराने स्वतःच्या तोंडाने उत्तर दिलं की त्या अशाच गप्प राहत. ते उत्तर त्याचं त्यालाच ऐकू जावं म्हणून.

"म्हणजे आमचं दुसरं युनिट आहे," अमित म्हणाला.

"कुठे?"

"बाहेरगावी."

"गावाला नाव असेल."

अमितने मोबाइलमध्ये गाव शोधायला सुरुवात केली. तोवर सगुणाबाई शेडच्या दाराशी जाऊन आल्या. कुलूप गंजून कडीला चिकटलं होतं. उंबऱ्याच्या फटीतून गवत उगवून ते वाळूनही गेलं होतं.

"ह्या दारातून सकाळी तीन बाळं आत गेली," त्या म्हणाल्या. "बाळं फार हलकी असावीत. गवतसुद्धा मोडलं नाही."

"सर, तुम्ही नाराज होऊ नका," अमित आता हर्षलकडे वळला. "तुम्हाला साध्याच्या ऐवजी वैकुंठ करून देतो ना."

हर्षलचे कान लाल झाले होते. बहुधा त्याला फसवणाऱ्याचा तितका राग नव्हता. आपण फसत होतो हे मुलीने पाहिलं, त्याचा होता. त्याने गाडीची दारं लावली आणि म्हणाला, "बसा."

गाडी मोठ्या रस्त्याला लागली. मग मागून वैष्णवीने विचारलं, "मग टायगर कुठे आहे?"

हर्षलने आरशातून आत्याकडे पाहिलं. काहीतरी गोड सांग, असं ते पाहणं होतं.

"माहीत नाही," सगुणाबाई म्हणाल्या.

"आणि काकूंनी नदीत सोडलं ते?"

"राख होती. कशाची, ते माहीत नाही."

त्यांनी दिंडोरीला फोन लावला. तिथे त्यांच्या बहिणीचा मुलगा संतोष द्राक्षं करत होता. पलीकडून फवारणीच्या ट्रॅक्टरचा आवाज आला, मग तो बंद झाला.

"मावशे, आण की. त्यात इचारायचं काय? बांधावर बाभळीखाली जागा हाय. पर इहिरीकडं नाय बरं का, ते पाणी आपुन पितो."

"कुदळ-फावडं आहे ना?"

"कुदळ लय हायेत. माणूस नाय. साहेबाला घिऊन ये."

दिंडोरीला पोचले तेव्हा छाटलेल्या वेलींना नवी पालवी फुटून मांडव पोपटी दिसत होता. संतोषने जागा आखून ठेवली होती. त्याने हर्षलच्या इस्त्रीच्या शर्टाकडे आणि मग त्याच्या हातांकडे पाहिलं.

"कुदळ धरता येती का, का तिचं बी बुकिंग करायचं?"

हर्षलने शर्ट काढून बाभळीला अडकवला. वरची माती बरी होती, खाली मुरूम लागला. थोड्या वेळाने त्याच्या तळव्यांना फोड आले. संतोष अधूनमधून हात देई आणि पुन्हा कुदळ त्याच्याकडेच सोपवी.

"अजून खोल. वरवर पुरलं तर कोल्हं उकरत्यात. पोरीच्या छातीला लागंल इतकं पायजे."

वैष्णवी खड्ड्यात उतरून उभी राहिली आणि माप दिलं. मग वाकून तळाचे टोकदार खडे वेचून वर टाकू लागली. "त्याला पाठीला टोचेल," ती म्हणाली. मेलेल्याला टोचत नाही, हे तिला ठाऊक होतं आणि सगुणाबाईंनाही. ते समजावून सांगायची गरज त्यांना वाटली नाही.

त्यांनी बर्फाच्या पिशव्या बाजूला काढल्या, पापडच्या गळ्यातला नायलॉनचा पट्टा सोडवला. "मातीत न जिरणारं काही ठेवायचं नाही," त्या म्हणाल्या. नुसत्या सुती चादरीत गुंडाळून हर्षलने त्याला खांद्यावर घेतलं, जिना उतरताना घ्यायचा तसंच, आणि खाली वैष्णवीच्या हातात दिलं. तिने त्याचा दुमडलेला कान चादरीत नीट सारला. माती लोटून झाल्यावर संतोषने वर दगड रचले, दगडांवर बोरीच्या काट्या टाकल्या. ब्लूटूथ स्पीकर कोणाकडे नव्हता. बाभळीवर होला घुमत होता, तो काही ह्यांच्यासाठी नव्हे.

संध्याकाळी लिफ्टपाशी आशाकाकू भेटल्या. त्यांचे डोळे खरोखरच ओलावले.

"झालं ना छान? सर्टिफिकेट मिळालं? आमच्या टायगरचं फ्रेम करून लावलंय."

हर्षल मोबाइलमध्ये पाहू लागला. सगुणाबाईंनी मात्र धुराडं, साळुंकी आणि कुलूप जसं पाहिलं तसं सांगितलं, एक शब्द कमी नाही की जास्त नाही. उद्या आणखी कोणाचा जीव त्या काचेच्या दारातून जाणार होता.

आशाकाकूंनी शेवटपर्यंत ऐकलं. मग त्यांचा चेहरा मिटला.

"असं कसं असेल, बाई? त्यांचं रेटिंग इतकं चांगलं आहे."

"असेल."

"आणि तुम्ही काय केलंत मग? कुठे शेतात नेऊन टाकलंत?"

"टाकलं नाही, काकू," वैष्णवी म्हणाली. तिच्या नखांत अजून मुरूम होता. "ठेवलं. मी बघितलं."

लिफ्ट आली. पाटीसकट दार सरकलं. आशाकाकू आत शिरल्या आणि बटणावर बोट ठेवून ह्यांच्यासाठी थांबल्या. वैष्णवी मात्र पापडचा पट्टा मुठीत धरून जिन्याकडे वळली. हर्षल तिच्या मागे गेला. सगुणाबाईंनी कठडा धरला.

"आत्या, तू कशाला?" वैष्णवी वरच्या पायरीवरून म्हणाली. "तुझे गुडघे."

"चल पुढे," सगुणाबाई म्हणाल्या. "बोलायला लावू नकोस, दम लागतो."