दोघांनी बघायचा चाकू

मित्रांनो, दचकू नका. मी एक जुना घडीचा चाकू आहे खरा, पण या क्षणी मिटलेला आहे. पाते मुठीत दडवून कुणाच्याही खिशात मावतो, एवढाच माझा जीव. शिंगाची तपकिरी मूठ, तिच्या दोन्ही टोकांना पितळेच्या टोप्या आणि धार लावून लावून बारीक झालेले पाते, ही माझी सगळी मालमत्ता.

मला एका नवरा-बायकोने घडवले. नवरा भट्टीपाशी पाते ठोकायचा. लालभडक तापवून ते तेलात बुडवायचा. बायको खिडकीजवळ बसून शिंग घासायची. मूठ तयार झाली की ती गालावर फिरवून बघायची, कुठे खरखर तर राहिली नाही ना. मला तिने दोनदा फिरवले आणि नवऱ्याला म्हणाली, "हा हातात घेतला की सोडवत नाही बघा."

"मग दुकानात कोण ठेवणार? तू सोडलास तर विकला जाईल," नवरा म्हणाला. ती हसली आणि तिने मला टोपलीत ठेवले. माझ्या आयुष्यातले पहिले कौतुक ते.

तिथून मी रोपवाटिकेतल्या एका बाईंकडे गेलो. त्या कलमे बांधायच्या. ओली फांदी तिरकी कापायची, दुसऱ्या फांदीला खाच द्यायची, दोन्ही जुळवून वरून पट्टी गुंडाळायची. कापताना त्यांचा हात इतका हलका असे, की झाडाला कळतही नसेल. संध्याकाळी त्या माझ्या पात्याला लागलेला चीक पुसत आणि म्हणत, "दमलास का रे? मीही दमले." मी दमलेला नसे. हिरव्या फांदीचा तो गारवा पात्याला लागला की मला काय वाटे, ते तुम्हाला कसे सांगू? आजही आठवण झाली की जीव कासावीस होतो.

बाई म्हाताऱ्या झाल्या. त्यांची नजर अधू झाली आणि माझी रवानगी सुतळीच्या गुंडाळ्यांबरोबर खणात झाली. मला वाटायचे, उद्या खण उघडेल. खण उघडला तेव्हा बाई नव्हत्या. त्यांच्या भाच्याने सगळी अवजारे एका पोत्यात भरली आणि जुन्या वस्तूंच्या दुकानात नेऊन ओतली.

त्या दुकानाच्या काचेच्या कपाटात, बंद घड्याळे आणि जोडी हरवलेले काटे-चमचे यांच्यामध्ये मी पडून राहिलो. पाते गंजले. माझा सांधा घट्ट झाला. गिऱ्हाईक मला उचलायचे, नखाने ओढून बघायचे आणि नाक मुरडून ठेवून द्यायचे.

एक दिवस कप्तान आले. नदीवरची प्रवासी लाँच चालवण्यात त्यांचा जन्म गेला होता. आता निवृत्त झाले होते, पण नाव कप्तानच राहिले होते. त्यांनी मला उचलले, उजेडात धरले आणि बराच वेळ नुसते बघत राहिले. मग दुकानदाराला म्हणाले, "हा बाजूला ठेवा. रविवारी अण्णाला घेऊन येतो. दोघं मिळून बघू."

अण्णा म्हणजे त्यांचे जुने मित्र. पुस्तके बांधायचे त्यांचे छोटे दुकान होते. दोघांनाही एकच वेड, जुन्या घडणीचे खिशातले चाकू जमवायचे. मेंढपाळाचा, द्राक्षमळ्यातला वाकड्या पात्याचा, खलाशाचा बोथट टोकाचा, असे नाना तऱ्हेचे चाकू. दोघांपैकी कुणालाही नवा चाकू मिळाला, की रविवारी सकाळी अण्णांच्या टेबलावर फडके अंथरायचे, चाकू मधोमध ठेवायचा आणि चहा गार होईपर्यंत त्याच्यावर बोलायचे. हे मला नंतर कळले. त्या दिवशी मात्र मी रविवारची वाट बघू लागलो.

रविवार उजाडायच्या आधीच अण्णा एकटे आले. कप्तानांनी मोठ्या उत्साहाने त्यांना माझे वर्णन सांगितले होते, आणि अण्णांना धीर धरवला नव्हता. "कप्तानांनी बाजूला ठेवलेला चाकू द्या," असे त्यांनी सांगितले. दुकानदाराला वाटले, दोघांचे ठरलेलेच असेल. त्याने मला कागदात गुंडाळून दिले.

अण्णांनी माझी फार सेवा केली. गंज काढला, सांध्यात तेलाचा थेंब सोडला, मूठ मऊ कापडाने पुसली. मी पुन्हा उघडू-मिटू लागलो. रविवारी त्यांनी मला फडक्यावर ठेवले आणि शेजारी चहाचे दोन कप मांडले.

कप्तान आले. त्यांनी मला लगेच ओळखले. हातात घेतले, उघडले, मिटले आणि पुन्हा फडक्यावर ठेवले.

"छान साफ केलास," ते म्हणाले.

"शिंग बघ. अशी मूठ आता कोण करतो?" अण्णा म्हणाले.

"हो. बघितली होती."

त्यांनी चहा पूर्ण प्यायला, अण्णांच्या बायकोला "येतो, वहिनी" म्हणाले आणि गेले. पुढच्या रविवारी आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही.

अण्णा चाकू जमवत राहिले. एकाहून एक सुंदर चाकू घरी आले. दर रविवारी फडके अंथरले जाई, नवा चाकू उघडला जाई आणि थोड्या वेळाने मिटला जाई. बोलणार कुणाशी? मी हिरव्या कापडाच्या खणात पडून असे. तेल लागलेला, लखलखीत, निरुपयोगी. मला फांदी हवी होती, फळ हवे होते, निदान एखादा दोरा तरी. अण्णांना काय हवे होते, तेही मला दिसत होते. जिन्यावर पाय वाजले की त्यांची मान दाराकडे वळायची.

एकदा वहिनी दारात उभ्या राहून म्हणाल्या, "अहो, या लोखंडाला वेळच्या वेळी तेल पाजता. त्या माणसाला एकदा चहाला बोलवा की."

"त्यानं यायचं बंद केलं. मी नाही म्हटलं होतं का?"

"तुम्ही एकटे गेला होतात."

अण्णांनी फडक्याची घडी घातली.

मग एक दिवस वहिनींनी बातमी आणली. कप्तानांची मुलगी त्यांना दूर आपल्या शहरात न्यायला आली होती. घर रिकामे होत होते. अण्णांनी हातातले पुस्तक तसेच दाबयंत्रात सोडले, मला खिशात टाकले आणि निघाले. चालताना त्यांचा हात सारखा खिशात येत होता.

कप्तान खोक्यांच्या मधोमध एका खुर्चीवर बसले होते. अण्णांनी मला त्यांच्यापुढे धरले.

"हा तुझा आहे. घे. माझं चुकलं."

कप्तानांनी मला घेतले. त्यांची बोटे आखडली होती. पाते उघडायला त्यांना जड गेले, पण अण्णांनी मदत केली नाही. ते थांबले. शेवटी मी उघडलो.

"चाकूचं काय, कुणीही घेतला असता," कप्तान म्हणाले. "तो पहिल्यांदा दोघांनी बघायचा होता, अण्णा."

"ठाऊक आहे."

"मग इतके दिवस का लावलेस?"

अण्णांनी शेजारचे एक खोके पुढे ओढले. ते त्यावर बसले. मी एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जात राहिलो. मुलीने दोन वेळा आत डोकावून पाहिले आणि गाडी जरा थांबवून ठेवली.

आता मी कप्तानांच्या खिशात असतो. मुलीचे उंच इमारतीतले घर आहे. खिडकीतून नदी दिसत नाही. ते माझ्याकडून फळे कापतात, नातीच्या पेन्सिलींना टोक काढतात, कुंडीतल्या वाळक्या काड्या छाटतात. मला काम मिळाले, मित्रांनो. तरीही रविवार आला की त्या टेबलावरचे फडके मला आठवते. कप्तानांनाही आठवत असणार, कारण त्या दिवशी ते फोन जवळ घेऊन बसतात.

अण्णांचा फोन येतो. नवा चाकू मिळाला असेल, तर ते म्हणतात, "थांब, अजून मीही उघडलेला नाही. ऐक हं." मग ते तो चाकू फोनजवळ धरून उघडतात. पलीकडून बारीकसा 'खट्' आवाज येतो.

"खटका ढिला आहे," कप्तान डोळे मिटून म्हणतात.

"मूठ ऑलिव्हच्या लाकडाची आहे. रेघा अशा, की तू असतास तर..." अण्णांचे वाक्य तिथेच राहते.

"सांग ना. रेघा कशा आहेत?" कप्तान विचारतात. आणि अण्णा सांगू लागतात.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना जपा. गंजू देऊ नका, धार ठेवा आणि मोठ्यांना विचारल्याशिवाय मला हात लावू नका. पण एवढेच करून थांबू नका. एखादी वस्तू कुणाबरोबर बघायची असे तुम्ही ठरवले असेल, तर त्या माणसासाठी थांबा. त्याच्याशी बिनसले, तर चटकन त्याच्या दारी जा. कप्तानांच्या जुन्या घरापासून अण्णांचे घर दोन गल्ल्यांवर होते. आता मध्ये रात्रभराचा प्रवास आहे, आणि दोघांचेही गुडघे दुखतात.