बंद मशीनचं हँडल

लाकूड कातायचं मशीन न्यायला माणूस उद्या सकाळी येणार होता. आमच्या ह्यांनीच त्याला बोलावलं होतं. आजारपणानंतर उजव्या हातात जोर उरला नव्हता, आणि अंगणापलीकडच्या कारखान्यात पाऊल टाकायलाही हे तयार नव्हते. रोज पहाटे देवापुढे बसले की मी एकच मागायचे : मशीन राहो न राहो, माणूस खाटेवरून उठू दे.

लेकीला दोन्ही हवं होतं. ती ह्यांच्याच हाताखाली शिकत होती. पण मशीनचा वेग जलदवरच अडकून बसलेला. तेवढ्या वेगात मोठा वाडगा कातायचा म्हणजे जिवाशी खेळ.

"आई, आज वेग खाली आला, तर बाबांशी बोलायला तोंड राहील."

"आणि नाही आला तर?"

"तर तुझ्या देवाला मध्ये घाल."

आम्ही दोघी कारखान्यात मशीनपाशी उभ्या होतो. तिने दोन्ही हातांनी वेग बदलायचं हँडल धरलं आणि दात-ओठ खाऊन फिरवलं. खट्!

"बंद मशीनचं हँडल कोण फिरवतंय?"

घरातून आलेला तो आवाज ऐकून आम्ही दोघी जागच्या जागी थिजलो. एवढा मोठा आवाज ह्यांनी कित्येक महिन्यांत काढला नव्हता. मग भिंत धरत धरत हे दारात आले. पायात एकच चप्पल.

"वेग बदलायचा तो मशीन चालू असताना! पट्टा फिरत असला तरच पुली सरकते. मोडायचंय का?"

"उद्या जाणारच आहे ना," लेक हळूच म्हणाली.

"म्हणून मोडकं देऊ त्याला?"

हे स्टुलावर बसले आणि हुकूम सुटायला लागले. आधी प्लग काढ. आता झाकण. पुलीचे दोन अर्धे भाग. त्यातला एक दांड्यावर पुढे-मागे सरकतो, तसा वेग बदलतो. इतके दिवस बंद राहून जुनं तेल आणि भुसा यांचा तिथे चिकटा झाला होता. लेकीने रॉकेलच्या फडक्याने तो पुसून काढला. तेलाची बुधली माझ्याकडे आली.

"अगं, डोक्याला तेल थापतेयस का? दोन थेंब! पट्ट्याला लागलं तर घसरेल तो."

मी जास्तीचं तेल टिपून घेतलं.

झाकण लावून मशीन सुरू केलं, तर ते किंचाळायलाच लागलं. ह्यांनी डावा हात हँडलवर ठेवला. जरासं फिरवलं, काही नाही. जोर न करता थांबले. पुन्हा जरासं. आणि तो किंचाळता आवाज हळूहळू खाली उतरत जाड झाला. मग ह्यांनी वेग वर नेला, खाली आणला, पुन्हा वर, पुन्हा खाली. रोज संध्याकाळी मशीन बंद करण्याआधी हे असंच करायचे, आणि तो आवाज थांबला की मी जपाला बसायचे. माझे हात आपोआप जोडले गेले.

"डाव्या हातानं जमतंय की, बाबा."

"हँडल जमतं. पटाशी तू धर. मी सांगतो."

सकाळी तो माणूस टेम्पो घेऊन दारात आला. कारखान्यातून लाकूड सोलल्याचा सरसर आवाज येत होता, आणि त्यावर ह्यांचं ओरडणं : "कोपर अंगाशी! अंगाशी म्हटलं ना!"

"साहेब आहेत का?" त्याने विचारलं.

"आहेत," मी म्हटलं, "पण कामात आहेत."