रिकामी टाकी

बाबांनी रेडिओचे मागचे झाकण काढले आणि जुन्या ब्रशने आतला हिरवट गंज घासायला सुरुवात केली. सेल फुटून सगळे रसायन आत पसरले होते.

"बाबा, मी काहीतरी विचारतेय."

"ऐकतोय. कान शाबूत आहेत अजून."

तिने टेबलावर ठेवलेला कागद तासभर तसाच पडून होता. बाबांनी सांभाळलेल्या उपग्रहाचा तो अखेरचा अहवाल. शेवटच्या ओळीत त्यांच्याच टपोऱ्या अक्षरात लिहिले होते, 'इंधनाची टाकी रिकामी केली.' खाली सही.

उपग्रह बंद करताना उरलेले इंधन सोडून द्यायचे, हा त्यांच्या कामातला पहिला धडा. नाहीतर आज ना उद्या टाकी फुटते आणि तिच्या ठिकऱ्या वाटेतल्या इतरांना फाडत जातात. गेल्या महिन्यापासून त्या बंद उपग्रहाचे तुकडे सुटू लागले होते. तिच्या संस्थेचा वादळांवर नजर ठेवणारा उपग्रह त्याच्याच शेजारून फिरायचा. तो वेळीच वर सरकवावा म्हणून तीन आठवडे ती साहेबांचे उंबरठे झिजवत होती, आणि साहेब दर वेळी हाच कागद पुढे करत होते. रिकामी टाकी फुटेल कशी? तुमच्या वडिलांनीच लिहिलंय. उद्या दहाला शेवटची बैठक होती, आणि इथे बाबा ताकास तूर लागू देत नव्हते.

"रिकामी होती का? हो की नाही, एवढंच सांगा."

"लिहिलंय ना तिथे."

"लिहिलेलं मला वाचता येतं!" तिचा आवाज चढला. "माझ्या गणितात ते बसत नाही, त्याचं काय करू?"

आई स्वयंपाकघरातून डोकावली.

"आल्या आल्या भांडण कशाला? आणि तुम्ही तो रेडिओ टाका बघू. वेळेवर सेल काढले असते तर ही घाण झाली असती का?"

"चालत होता गं," बाबा म्हणाले. "चालत्यातले सेल कोण काढतं?"

ब्रश थांबला. तिला मात्र आता ऐकायचेच नव्हते. तिने कागदाची घडी घातली.

"राहू दे. दगडाला पाझर फुटेल एक वेळ. आत्ता तीन तुकडे सुटलेत, तीनशे झाले की बघू."

"चार," बाबा म्हणाले.

ती थबकली.

"चौथा मंगळवारी सुटला. लहान आहे. दुर्बीणवाल्या हौशी लोकांनी टिपलाय, तुमच्या यादीत यायचाय अजून."

"तुम्ही बघता?"

"रोज. सतरा वर्षं झाली."

त्यांनी फडक्याला हात पुसले आणि तिच्या हातातून कागद घेतला.

"इतके सुरेख फोटो पाठवत होता. म्हटलं, एक महिना अजून घेऊ. मग एका सकाळी हाक मारली, तर ओच देईना."

त्यांनी 'रिकामी केली' या शब्दांवर सरळ रेघ मारली. वर त्याच टपोऱ्या अक्षरात लिहिले, 'एकोणतीस किलो शिल्लक.' सही केली, आजची तारीख घातली आणि कागद तिच्यापुढे धरला.

तीन आठवडे ती याच आकड्यासाठी भांडत होती. आता हात पुढे होईना.

"घे ना," बाबा म्हणाले. "वाळलीये शाई."